शेकल्याशिवाय वाजत नाही : मॉरिशसचा सेगा आणि आपली हलगी

आमच्या वस्तीत यंदा जयंतीच्या बैठकीत भांडण झालं. विषय साधाच. मिरवणुकीला डीजे लावायचा की हलगी? पोरं म्हणाली डीजे. दोघातिघांनी हलगीचं नाव काढलं, तर कोपऱ्यात बसलेले ऐंशीच्या घरातले एक काका ताडकन उठले. "तुमच्या आजानं जे हातातनं फेकलं ते तुम्ही गळ्यात अडकवणार? लाज वाटत नाय?" बैठक तिथंच मोडली. वर्गणीचा हिशेबसुद्धा राहिला.

मी गप्प बसलो. कारण माझ्याच बापानं हलगी चुलीत घातली होती. दीक्षेनंतरची गोष्ट. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आई सांगायची, कातडं लवकर पेटेना, नुसता वास सुटला घरभर. त्या रात्री त्या चुलीवर भाकरी झाल्या नाहीत. बाप मात्र पोटभर जेवल्यागत झोपला. हे ऐकत मी मोठा झालो. त्यामुळं काका काय म्हणतात ते मला समजावून सांगायची गरज नव्हती.

पण त्याच आठवड्यात माझ्या कानात दुसरंच काहीतरी वाजत होतं. मॉरिशस बेटावरचा सेगा. गुलामांच्या पोरांचं गाणं, गुलामांच्या पोरांचा नाच. आणि त्याच्या बुडाशी एक वाद्य, जे आपल्या हलगीचं सख्खं नाही तरी चुलत भावंडं नक्की वाटावं. तेव्हापासून मी सेगा ऐकतोय, वाचतोय, त्याबद्दल भांडतोय. हा लेख त्यातून आला. पंडिती समीक्षा नाही ही. मला स्वतःला उत्तर पाहिजे होतं.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. वाद्याचं नाव रावान. नाव ऐकून हसू नका, लंकेच्या रावणाशी त्याचा संबंध नाही. लाकडाचं गोल कडं, मोठ्या परातीएवढं, त्यावर एका बाजूनं ताणलेलं बकऱ्याचं कातडं. वाजवणारा खाली किंवा बुटक्या आसनावर बसतो, रावान मांडीवर उभं धरतो आणि दोन्ही हातांच्या पंज्यांनी, बोटांनी वाजवतो. सोबत मारावान : उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया. ती आडवी धरून हलवली की पाऊस पडल्यासारखा आवाज. आणि लोखंडी त्रिकोण, त्यावर लोखंडाचाच तुकडा आपटायचा. बास. एवढ्यावर सगळा सेगा उभा.

आणि मुख्य गोष्ट. वाजवायच्या आधी रावान शेकावं लागतं. समुद्राच्या दमट हवेत कातडं ढिलं पडतं, मग काटक्या-पाल्याचा जाळ करायचा, रावान त्यावर धरायचं, बोट मारून बघायचं, पुन्हा धरायचं. गाणं रंगात आलं आणि कातडं सैल झालं की उठून पुन्हा जाळाकडं. ज्यानं कधी गावात हलगी शेकताना पाहिली आहे, त्याला मी आणखी काय सांगू? पालापाचोळ्याचा तोच जाळ, तीच टिचकी, तोच वास. फरक एवढाच, की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरनं, मोझांबिकमधनं, मादागास्करमधनं जहाजात कोंबून आणलेल्या माणसांनी तो जाळ हिंदी महासागरातल्या एका बेटावर केला.

नाचही सांगतो. बाई-पुरुष समोरासमोर. पाय जमिनीवरून फारसे उचलायचे नाहीत, घासत सरकायचं. कंबर आणि खांदे बोलतात. बाई दोन हातांनी परकराचा घेर धरते. दोघं जवळ येतात, अगदी जवळ, पण अंगाला अंग लागत नाही. मग ताल चढतो, गुडघे वाकत वाकत दोघं खाली जातात, एक मागं झुकतो, दुसरा त्याच्यावर वाकतो, आणि पुन्हा वर. गाणं सुरुवातीला संथ असतं, एकटा आवाज हाक घालतो, भोवतीचे उत्तर देतात. शेवटाला हाक आणि उत्तर एकमेकांच्या अंगावर चढतात.

आता इतिहास. तो थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला त्याची जात ओळखू येईल. डचांनी १६३८ साली या बेटावर वस्ती केली, गुलाम आणले. मग १७१५ पासून फ्रेंच. १८१० पासून इंग्रज. फ्रेंचांनी १७२३ साली इथं गुलामांसाठी 'काळी संहिता' लागू केली. वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी एकत्र जमायचं नाही, दिवसा नाही, रात्री नाही, लग्नाच्या नावाखालीसुद्धा नाही. जमले तर फटके. मनुस्मृती फक्त संस्कृतातच लिहिली जाते असं समजू नका. ती फ्रेंचमध्येही लिहिली गेली.

म्हणजे रात्री समुद्रकाठी जाळ करून दहा माणसं रावानभोवती बसली, ही गोष्टच गुन्हा होती. सेगाची पहिली ओळ उच्चारायच्या आधीच त्यात नकार होता. नुसतं जमणं हाच नकार.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी इंग्रजांनी तिथली गुलामी कायद्यानं संपवली. नुकसानभरपाईही दिली. कुणाला? मालकांना! साऱ्या साम्राज्यातल्या मालकांना मिळून दोन कोटी पौंड, त्यातले एकवीस लाखांच्या आसपास मॉरिशसच्या मालकांना. गुलामांना काय मिळालं? 'उमेदवारी'. म्हणजे त्याच मालकाकडं आणखी काही वर्षं सक्तीनं राबायचं. ती १८३९ साली सुटली. जमीन नाही, घर नाही. मालकांच्या भरपाईसाठी इंग्लंडनं काढलेलं कर्ज २०१५ साली फिटलं, आणि ज्यांची पाठ फोडली त्यांच्या नातवंडांची चौकशी करायला सत्य आणि न्याय आयोग नेमायला २००९ साल उजाडलं. २०११ साली अहवाल आला. जमिनी कशा बळकावल्या गेल्या ते त्यात लिहिलं आहे. जमीन परत मिळणं ही वेगळी गोष्ट. आपल्याकडं गायरानाचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

या सगळ्यातनं जे गाणं आलं, त्याचा सगळ्यात मोठा आवाज म्हणजे ती फ्रेर. खरं नाव झां आल्फोन्स रावातों. जन्म १९००, मृत्यू १९९२. ती फ्रेर म्हणजे 'धाकला भाऊ'. मॉरिशसच्या दक्षिण-पश्चिम टोकाला ल मॉर्न नावाचा खडा डोंगर आहे. पळालेले गुलाम तिथल्या कड्याकपारीत लपून राहायचे. त्या डोंगराच्या पायथ्याशी १९६४ साली 'सेगाची रात्र' भरली आणि तिथं ती फ्रेरला सेगाचा राजा ठरवलं. चौसष्ट वर्षांचा माणूस! तोपर्यंत बेटावरच्या शिकल्यासवरल्या समाजाला, चर्चला, गोऱ्या साखरवाल्यांना सेगा म्हणजे दारूबाजांचा, बेशरमांचा नाच होता. पॅरिसहून त्याच्या गाण्यांची तबकडी निघाली १९९१ साली, मरायच्या एक वर्ष आधी.

त्याचं 'अनिता' हे गाणं आज तिथं पोराटोरांना माहीत आहे. मी ते कितीतरी वेळा ऐकलं. भाषा समजत नाही, कुणीतरी अर्थ सांगितला तेवढाच. तरी काही गोष्टी कानाला कळतात. पहिली गोष्ट : आवाज गोड नाही. घसा खरवडून निघाल्यासारखा आहे. शब्दाचं शेपूट तो ओढत नेतो आणि अर्ध्यात सोडून देतो, बाकीचं भोवतीच्यांनी उचलायचं. दुसरी गोष्ट : रावान गाण्याच्या मागं चालत नाही. आपल्या सुगम संगीतात तबला कसा गायकाच्या मागं अदबीनं चालतो, तसं इथं नाही. रावान गाण्याला धक्के देतं, कधी आधी पोचतं, कधी थांबून वाट बघायला लावतं. तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची : दुःख आणि चेष्टा यांची फारकत नाही. सेगात माणसं बाईवरनं भांडतात, शेजाऱ्याला टोमणा मारतात, साहेबाची टर उडवतात, मेलेल्यासाठी रडतात, आणि हे सगळं त्याच नाचाच्या तालावर. शब्दाला वरचा अर्थ एक, आतला दुसरा. मालकानं ऐकलं तर त्याला वरचाच लागावा.

हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या बाया जात्यावर काय करत होत्या?

इथं मला प्रस्थापित समीक्षेशी भांडायचं आहे. बर्नार्दां द सें-पिएर नावाचा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात या बेटावर होता. १७७३ साली त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. माणूस वाईट नव्हता. गुलामांना कसं फोडून काढतात ते त्यानं लिहिलं, त्याबद्दल चीड दाखवली. पण त्यानंच हेही नोंदवलं की या काळ्या लोकांना नाचगाण्याचा भारी नाद. तिथून जी परंपरा सुरू झाली ती आजच्या पर्यटनाच्या जाहिरातीपर्यंत आली. आनंदी बेट, आनंदी लोक, रंगीत परकर, हसरे काळे चेहरे. मार खातात पण नाचतात हो! जणू नाच हा माराचा पुरावा पुसायचं फडकं आहे.

आपल्याकडचा मराठीचा प्राध्यापक लोककलेबद्दल लिहितो तेव्हा तोही हेच करतो. 'रांगडा गोडवा', 'मातीचा सुगंध', 'रसरशीत जीवनानंद'. अरे, त्या मातीत आमचे बापजादे राबले ते कुणाच्या मालकीच्या मातीत? सुगंध तुला आला, घाम कुणाचा होता? ज्याला पोटासाठी नाचावं लागलं त्याच्या नाचात तुला जीवनानंद दिसतो, ही तुझ्या डोळ्याची सोय आहे.

पण मित्रांनो, उलट्या बाजूची चूकही आपण करायला नको. मॉरिशसमध्ये असं सांगतात की सेगात पाय उचलत नाहीत, घासतात, कारण गुलामांच्या पायात बेड्या होत्या. ऐकायला जबरदस्त वाटतं. मलाही पहिल्यांदा अंगावर काटा आला. नंतर विचार केला. वाळूत नाचणारा माणूस पाय घासतच नाचेल. आणि मोझांबिकच्या, मादागास्करच्या माणसाला नाचाची स्वतःची रीत नव्हती काय? बेडीनं शिकवली तेव्हा नाचला काय? आपण प्रत्येक पावलात साखळी शोधायला लागलो की माणसाकडं साखळीशिवाय काहीच उरत नाही. मालकानं त्याला गुलाम म्हटलं, आपण सहानुभूतीनं तेच म्हणतो. सेगा हा गुलामीचा नाच नाही. गुलामीत सापडलेल्या माणसांचा नाच आहे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या दलित साहित्यालाही हीच गोष्ट लागू आहे. नुसतं जखमांचं प्रदर्शन मांडलं की सदाशिव पेठ खूश होते, डोळे पुसते आणि पुरस्कार देते. आपलं हसणं, आपली टिंगल, आपली अक्कल तिला नको असते.

भाषेचंही तसंच. सेगाची भाषा क्रिओल. वेगवेगळ्या बोलीची माणसं मालकाच्या फ्रेंचखाली दबली आणि त्यांनी त्यातनं स्वतःची भाषा उभी केली. बेटावर जवळजवळ सगळे ती बोलतात. मालकाची पोरं बोलतात, मंत्री घरी बोलतात. पण तिला म्हणायचं काय, तर मोडकी फ्रेंच. शाळेत ती ऐच्छिक विषय म्हणून शिरली २०१२ साली! आपल्याला 'अशुद्ध' म्हणणाऱ्यांची पोथी समुद्रापलीकडं पण तीच.

आणि या लोकांना सरकार काय म्हणतं? १९६८ साली मॉरिशस स्वतंत्र झालं. राज्यघटनेत समाज मोजले : हिंदू, मुसलमान, चिनी. आणि राहणीवरून या तिघांत जो बसत नाही तो 'सर्वसाधारण लोकसंख्या'. गोरा साखर कारखानदार आणि त्याच्या शेतावर राबलेल्या गुलामाचा पणतू, दोघं एकाच खणात. म्हणजे क्रिओल माणसाला स्वतःचं नावच नाही. तो उरलेला. चार वर्णांत न बसणाऱ्या माणसाला उरलेला ठरवणारी अक्कल आम्हाला वाटलं होतं फक्त आपल्याच देशात पिकते.

आता थोडं कडू बोलतो. मॉरिशसचं नाव काढलं की आपल्याकडं छाती फुगते. 'छोटा भारत'. गुलामी संपली तशी उसाच्या मळ्यांना मजूर पाहिजे होते, म्हणून १८३४ पासून पुढच्या काळात साडेचार लाखांवर हिंदी माणसं करार करून तिथं नेली. कलकत्त्याहून, मद्रासहून, आणि मुंबईहूनही. मुंबईच्या जहाजांत आपल्या कोकणातली माणसं होती. आज तिथं मराठी समाज आहे, गणपती बसतो, त्याला सरकारी सुट्टी आहे, जाखडी नाचतात. ती माणसंही पिळली गेली, मार खाल्ला, हे खरं. पण पुढं राजकीय सत्ता मुख्यतः हिंदी वंशाच्या हिंदूंच्या हाती आली, आणि क्रिओल माणूस खालीच राहिला. करारी मजूर जिथं उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा झाला. पळालेल्या गुलामांचा ल मॉर्न २००८ साली. दोन्ही स्मारकं झाली, चांगलं झालं. पण एक पिळलेला समाज दुसऱ्या पिळलेल्याच्या डोक्यावर पाय ठेवून वर चढू शकतो, हे आपण अभिमान बाजूला ठेवून बघायला पाहिजे.

काया हे नाव लक्षात ठेवा. जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ. १९६० चा जन्म, राजधानीला लागून असलेल्या रोश-ब्वा या गरीब वस्तीतला. त्यानं सेगा आणि जमैकाचा रेगे एकत्र करून 'सेगे' उभा केला. वस्तीतल्या पोरांचं गाणं झालं ते. फेब्रुवारी १९९९ मध्ये गांजा ओढणं गुन्हा ठरू नये म्हणून एक कार्यक्रम झाला, त्यात तो गायला. पोलिसांनी उचललं. २१ फेब्रुवारीला कोठडीत मेलेला सापडला. डोक्याला मार होता. वस्त्या पेटल्या. बर्जे आगात नावाचा दुसरा गायक त्या दंगलीत पोलिसांच्या गोळीनं गेला. कायाच्या मरणाबद्दल कोणाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. ते पोलीस बहुतेक कुठल्या समाजाचे होते, हे तिथल्या क्रिओल माणसाला विचारा, तो सांगेल.

मला हे वाचताना घाटकोपर आठवलं. ११ जुलै १९९७, माता रमाबाई आंबेडकर नगर, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. आणि चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. दोन वर्षांच्या आत, समुद्राच्या दोन बाजूंना, गाणारी माणसं अशी संपली. दोन घटना एक नाहीत. एकाला कोठडीत मरण आलं, दुसऱ्यानं स्वतः जीव दिला. पण सरकार वस्तीकडं कोणत्या नजरेनं बघतं, ते दोन्हीकडं गाणाऱ्याच्या प्रेतावरनं कळतं.

तरी सगळेच तसे नव्हते, हेही सांगायला पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात, इकडं पँथर निघाली त्याच सुमारास, मॉरिशसमध्ये सेगाच्या तालावर लढ्याची गाणी गाणारी पथकं निघाली. संप, मजुरी, जमीन यांवर गाणी. त्यात हिंदी वंशाची पोरंपोरी होती आणि ती क्रिओलमध्ये गात होती. देव विरासामी हा हिंदी वंशाचा लेखक आयुष्यभर क्रिओलसाठी भांडला, तिच्यात नाटकं लिहिली. शेजारच्या रियुनियन बेटावर सेगाचंच भावंड मालोया. फ्रेंच अंमलदारांनी ते वर्षानुवर्षं दाबलं. १९७६ साली तिथल्या कम्युनिस्ट पक्षानं मालोयाच्या तबकड्या काढल्या. आपल्याकडच्या कम्युनिस्टांशी आपलं जे काही भांडण असेल ते असो, तिथं त्यांना निदान ढोल ऐकू आला.

२०१४ साली युनेस्कोनं सेगाला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतलं. त्याबद्दल आनंद मानायचा? मानू. ज्याला बेशरमांचा नाच म्हणत होते त्याला जगानं नमस्कार केला, ही छोटी गोष्ट नाही. पण आज परदेशी पाहुण्याला सेगा कुठं दिसतो? समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात, जेवणाच्या वेळी. फुलाफुलांचे परकर, ठरलेला वेळ, ठरलेलं हसू. शेवटी पाहुण्यांना हाताला धरून नाचायला उठवायचं, फोटो काढायचे. रावानला आता प्लास्टिकचं कातडंही मिळतं, ते शेकावं लागत नाही. जाळ नाही, धूर नाही, वाट बघणं नाही. बटण दाबल्यागत सेगा सुरू. नाचणाऱ्या बायांना मी दोष देत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण ज्या वाद्याला विस्तवाची गरज उरली नाही, त्याला जमलेल्या माणसांची तरी गरज किती उरली, हे मला विचारावंसं वाटतं.

आता घरी येतो. काकांना उत्तर द्यायचं आहे.

रावान आणि हलगी दिसायला भावंडं, पण दोघांच्या नशिबात एक मोठा फरक आहे आणि तो झाकून चालणार नाही. गुलामानं रावान मालकासाठी वाजवलं नाही. मालकापासून लपून, रात्री, आपल्या माणसांसाठी वाजवलं. म्हणून तो बसून वाजवतो. माझ्या बापानं हलगी वाजवली ती उभ्यानं, चालत, पाटलाच्या वरातीपुढं, देवीच्या पालखीपुढं, मेलेल्या ढोराच्या वाट्यासाठी आणि उरल्यासुरल्या भाकरीसाठी. 'नाही येत' म्हणायची सोय नव्हती. देवळाच्या पायरीपर्यंत हलगी चालायची, हलगीवाला चालायचा नाही. जे वाद्य तुमच्या हातात आहे आणि हुकूम दुसऱ्याचा आहे, ते वाद्य नाही, जू आहे. बाबासाहेबांनी ते फेकायला लावलं. तमाशातल्या आपल्या बायकांच्या नाचावर मिळालेले पठ्ठे बापूरावांचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, अशी गोष्ट आपल्या चळवळीत सांगतात, ती याच अर्थाची. बापानं चुलीत जे घातलं ते बरोबरच घातलं. त्या जाळाबद्दल मी कधी माफी मागणार नाही.

पण फेकलं ते काय? कातडं आणि कडं? की हुकूम? माझं म्हणणं, बापानं हुकूम जाळला. हलगी मध्ये सापडली. कारण तीच हलगी आमच्या वाड्यातल्या लग्नातही वाजायची. कुणाच्या हुकमावाचून, रात्र रात्र, पोरीबाळी नाचायच्या. आईच सांगायची हे, आणि सांगताना तिची बोटं मांडीवर हलायची. भीमराव कर्डकांनी, वामनदादांनी गाणं कुठं सोडलं? त्यांनी गाण्याचा धनी बदलला. तमाशाचा बाज घेतला आणि त्यात जलसा ओतला.

आणखी एक गोष्ट काकांच्या तोंडावर बोललो नाही, इथं लिहितो. आपण हलगी टाकली ते ठीक. पण ज्या मातंग भावांनी टाकली नाही, ज्यांचं पोट तिच्यावर होतं, त्यांना आपण हसलो. 'अजून वाजवतात.' नाक मुरडलं. वरच्यानं आपल्याकडं बघावं तसं आपण त्यांच्याकडं बघितलं. मॉरिशसच्या हिंदी माणसानं क्रिओलला जे केलं, त्याची छोटी आवृत्ती आपल्याच गल्लीत निघाली. म्हणून हलगीचा प्रश्न नुसता कलेचा नाही.

सेगा ऐकून माझ्या हाती जी कसोटी लागली ती सांगतो. कुठलीही कला समोर आली की तीन गोष्टी विचारायच्या. हुकूम कुणाचा? ऐकणारा कोण? थांबवायचा अधिकार कुणाला? ल मॉर्नच्या पायथ्याचा सेगा या कसोटीला उतरतो. हॉटेलातला उतरत नाही, मग तो कितीही अस्सल असो आणि युनेस्कोचा कागद भिंतीवर असो. पाटलाच्या वरातीपुढची हलगी उतरत नाही. आपल्याच जयंतीत, आपल्याच पोरांनी, मातंग वस्तीतल्या उस्तादाला मानानं बोलावून, खुर्चीवर बसवून, शिकून वाजवलेली हलगी उतरते.

आणि डीजे? त्याचाही हिशेब याच कसोटीनं करा. भाड्याचे पैसे वर्गणीतनं जातात. आवाज एवढा, की बाबासाहेबांचं गाणं चालू आहे की सिनेमातलं ते शेजारच्याला कळत नाही. हाक आहे, उत्तर नाही. ट्रॅक्टरवर ठेवलेल्या भिंतीपुढं दोनशे पोरं नाचतात, पण एकानंही काही म्हटलेलं नसतं. थांबवायचा अधिकार कुणाला? ऑपरेटरला आणि दहा वाजता येणाऱ्या पोलिसाला.

मी काकांकडं जाऊन आलो. हे सगळं सांगितलं. सेगाचं गाणं मोबाईलवर ऐकवलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "कातडं चांगलं शेकलंय." एवढंच. हलगीला होकार दिला नाही, नकारही दिला नाही. मला वाटतं ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. ज्यानं जू वाहिलं त्याला ते विसरायला सांगायचा अधिकार मला नाही. पण आपण जे तरणे आहोत, ज्यांच्या खांद्यावर ते जू कधी आलं नाही, त्यांनी निदान एवढं करावं : बैठक पुन्हा बोलवावी, त्या बैठकीत मातंग वस्तीतली माणसं असावीत, आणि भांडण पुरं करावं. अर्धवट मोडलेली बैठक ही डीजेपेक्षा वाईट.

माझं चुकत असेल तर पुढच्या अंकात खरमरीत लिहा. जागा ठेवतो.

जय भीम.